स्कार्थच्या घाटातली ऑस्विन

मिस्टर रेल्फ गाडी विकतायत, हे त्यांच्या बायकोने, थेल्माबाईंनी, पोस्टात सांगितलं तेव्हा रांगेतल्या कुणाचाच विश्वास बसला नाही. "हा माणूस एक वेळ मला विकेल, पण ऑस्विन विकायचा नाही," असं त्या स्वतःच कित्येक वर्षं म्हणत आल्या होत्या. पण त्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिस्टर रेल्फना स्पष्ट सांगितलं, अजून फार तर वर्षभर गाडी चालवा, मग बंद. त्यांना ऐंशीवं संपून एक्याऐंशीवं लागलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी जुन्या गाड्यांच्या मासिकात जाहिरात दिली. चारच ओळी. शेवटची ओळ होती, 'सगळं मूळचं.'

आणि ते खोटं नव्हतं. बासष्ट साली स्लेटच्या खाणीत मोजणीदार असताना त्यांनी ती कोरी घेतली होती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, धुक्यासारख्या निळ्या रंगाची. कोरड्या रविवारी बाहेर काढायची, ढग दिसला की आत. रंग कारखान्यातून आला तोच. सीटचं चामडं म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखं रेघारेघांचं झालेलं, पण कुठे उसवलेलं नाही. हत्यारांची कापडी गुंडाळी उलगडली तर प्रत्येक पाना आपापल्या खिशात. ऑस्विनचा कारखाना बंद पडून पन्नास वर्षं होत आली, गाड्या बनल्याच होत्या मोजक्या, त्यामुळे लांबलांबची माणसं नुसती बघायला यायची आणि मिस्टर रेल्फच्या अंगणात उभी राहून आवाज खाली आणून बोलायची.

त्या गाडीचं काम माझ्याकडे होतं. मी जूडिथ टायसन. घाटाच्या पायथ्याचं गॅरेज आधी वडिलांचं, आता माझं. त्या एप्रिलमध्ये मी ऑस्विन वर उचलली आणि पुढच्या चाकांपाशी टॉर्च धरला. ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारे रबरी पाइप तिथे असतात. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून तडकतो, तसे ते तडकले होते.

"मिस्टर रेल्फ, हे बदलायलाच हवेत," मी म्हटलं.

ते वाकून बघायला लागले. "गळतायत का?"

"आज नाही गळत."

"मग झालं तर. अगं पोरी, त्यावर कारखान्याचा शिक्का आहे. अजून वाचता येतो, बघ. बदलले की मग मूळचं काय राहिलं?"

"तुम्ही मूळचे राहाल," मी म्हटलं, आणि ते इतके मोठ्याने हसले की त्यांना खोकला आला. मी आणखी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी त्या शिक्क्याचा फोटो काढला. मी गाडी खाली घेतली. मला त्या वेळी राग यायला हवा होता. मला कौतुक वाटलं.

सप्टेंबरात डॉक्टर ऑर्ड आल्या. फिलिपा ऑर्ड, डरहमकडच्या, गुराढोरांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, हाताने दणकट, बोलायला कोरड्या. मिस्टर रेल्फनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "तू नुसती उभी राहा," ते म्हणाले, "मेकॅनिक समोर असला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

बाई गाडीखाली पाठीवर झोपून शिरल्या, बाहेर आल्या, कोपर झटकले. "गाईपेक्षा हे सोपं आहे, लाथ मारत नाही," त्या म्हणाल्या. मग मिस्टर रेल्फनी त्यांना आत बसवलं. "ब्रेकवर पाय द्या. जोरात. अजून जोरात! दगडासारखं आहे की नाही पेडल?" त्यांनी अंगातली सगळी ताकद लावून पाच-सहा वेळा पेडल दाबलं. मग खिडकीतून माझ्याकडे वळून विचारलं, "ब्रेकचं तुमचं काय मत?"

मिस्टर रेल्फ माझ्याकडे बघत होते. सकाळपासून त्यांनी त्या गाडीवरून तीनदा फडकं फिरवलं होतं. गळ्याला टाय होता.

"आजवर कधी दगा दिलेला नाही," मी म्हटलं.

शब्दाला शब्द खरं होतं. डॉक्टर ऑर्डनी मान हलवली आणि तो प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. मी सांगितलं म्हणून मिटला.

मिस्टर रेल्फ स्टिअरिंगवर बसले, त्या शेजारी. टप उघडा टाकला होता. "घाटातून एक चक्कर मारून आणतो," ते म्हणाले आणि गेले. तो आवाज मला लहानपणापासून आवडायचा. फाटकाबाहेर पडून वळेपर्यंत मी ऐकत राहिले.

थेल्माबाईंनी चहा आणि आल्याचा केक अंगणातल्या बाकावर आणून ठेवला. "विकली एकदाची तर मी त्या जागेत कोंबड्या पाळणार आहे," त्या म्हणाल्या. मी हसत शेडकडे बघितलं. गाडी उभी असायची तिथली फरशी मिस्टर रेल्फ घासून ठेवायचे, त्यावर जेवण वाढावं अशी. त्या फरशीवर पुढच्या डाव्या चाकाच्या जागी एक डाग होता. रुपेरी नाण्याएवढा, ओला.

पाणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उठले, गेले, बोट लावलं. बोट सरकलं. नाकाशी नेलं. तो वास मी शंभर वासांत ओळखीन.

मी तिथे उकिडवीच बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही, दोन-तीन श्वासच असतील, पण त्या वेळात मला सगळं दिसलं. सहा वेळा दाबलेलं पेडल. तडकलेलं रबर. आत अजून थोडं तेल शिल्लक असेल, चार वेळा ब्रेक लागेल, पाच वेळा लागेल. त्या गाड्यांना चारी चाकांचं तेल एकाच वाटेनं जायचं. एक पाइप फुटला की चारी चाकं मोकळी.

"थेल्माबाई, ते वरूनच परत येणार आहेत ना?"

"छे गं. पलीकडे उतरून खालच्या गावात बाईंना चहा पाजणार आहे हा. गिऱ्हाइकावर छाप पाडायचीय ना." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली. "काय झालं?"

घाटाची चढण इकडून साधीच आहे. चढताना ब्रेक कुणाला लागतात! पण स्कार्थची पलीकडची बाजू म्हणजे घराच्या जिन्यावर डांबर टाकल्यासारखी आहे. एकेरी रस्ता, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही.

मिस्टर रेल्फ मोबाइल बाळगत नसत. बाईंचा नंबर पत्रावर होता, तो थेल्माबाईंनी लावला. घाटात फोन पोचत नाहीत हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. त्या फोन कानाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड पीठ लावल्यासारखं पांढरं झालं होतं.

"जा," त्या म्हणाल्या.

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची माझी पिकअप दारातच होती. आठ मिनिटांचं अंतर होतं आमच्यात, कदाचित दहा. मिस्टर रेल्फ सावकाश चालवायचे, त्याच्यावर माझी सगळी भिस्त. पहिल्या वळणालाच मेंढपाळ मौन्सीची मेंढरं रस्ताभर पसरलेली. मौन्सी काठी टेकून उभा.

"काय गं जूडिथ, गॅरेजला आग लागली काय?"

"ऑस्विनचे ब्रेक गेलेत! आत माणसं आहेत!"

त्याने काठीने मेंढरं मारून बाजूला काढली. मौन्सीने जनावराला मारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानेच माझी भीती खरी केली. तोवर कुठेतरी वाटत होतं, आपण उगाच घाबरलोय, वर पोचू तर ती दोघं दगडावर बसून गप्पा मारत असतील.

माथ्यावर खरंच थांबली होती ती. गाडी उभी करायच्या जागी खडीत चाकांचे ताजे वण होते, आणि एका चाकाच्या वणापाशी काळपट थेंब. गाडी नव्हती.

मी कड्यावरून खाली बघितलं. दोन वळणं खाली निळा ठिपका चालला होता, अगदी शांतपणे.

मी हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. ठिपक्यातून एक हात वर आला आणि हलला. मिस्टर रेल्फ माझी पिकअप ओळखून मला हात करत होते.

मी खाली घुसले. त्या रस्त्यावर तसं कुणी उतरत नाही. डावीकडे दरी, उजवीकडे भिंत, स्टिअरिंग माझ्या घामाने बुळबुळीत. माझी नजर ऑस्विनच्या मागच्या लाल दिव्यांवर खिळली होती. त्या जुन्या गाड्यांत ते दिवे ब्रेकच्या तेलाच्या दाबाने लागतात. पुढच्या वळणाला दिवे लागले. गाडी हळू झाली, वळली. त्याच्या पुढच्या वळणाला लागले न लागले. तिसऱ्या वळणाला लागलेच नाहीत.

गाडी त्या वळणावरून गेली ती दरीकडच्या गवतावर एक चाक टाकून. डॉक्टर ऑर्डचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आले. उघड्या गाडीत मला त्यांची डोकी स्पष्ट दिसत होती. त्या काहीतरी ओरडत होत्या. मिस्टर रेल्फचं डोकं हलत नव्हतं. इंजिन मध्येच किंचाळलं. त्यांनी खालचा गिअर टाकला होता. गाडी थोडी धरली गेली आणि उतार आणखी तीव्र झाला तशी पुन्हा सुटली. हँडब्रेक त्यांनी ओढला असणारच. पण त्या गाडीचा हँडब्रेक सपाट जागेवर उभी करण्यापुरता होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

खाली, सगळ्यात शेवटी, दगडी पूल होता. अरुंद, मधे फुगलेला. त्याच्या कठड्यावर डोंगर चढायला आलेली सात-आठ माणसं पाठीवरच्या पिशव्या काढून डबे खात बसली होती. लाल, पिवळी, हिरवी जाकिटं. वरून ती गोळ्यांसारखी दिसत होती.

मला शूर म्हणतात, आजही म्हणतात. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलं, आपण मागेच थांबावं. जे व्हायचं ते आपल्यापुढे होईल, आपल्यावर नाही. ते मनात आलं, आणि त्याच वेळी रस्ता जिथे गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला थोडा रुंद केलाय ती जागा समोर आली. मिस्टर रेल्फची गाडी उजव्या भिंतीकडे होती. मी डावीकडे, दरीच्या बाजूने, घातली. बाहेरचं चाक गवतावर गेलं, मग बाहेरच्या चाकाखाली काही आहे की नाही ते कळेना. एक क्षणभर मी आणि ती दोघं शेजारीशेजारी होतो. डॉक्टर ऑर्डचा चेहरा माझ्या काचेपासून हातभर. उघडं तोंड. नजर माझ्याकडे, पण मी त्यांना दिसत नव्हते.

मी पुढे गेले आणि आरशात बघितलं. सगळा आरसा निळा झाला.

ब्रेकवर मी पाय एकदम मारला असता तर ती गाडी माझ्याखाली घुसली असती. थोडा दिला. धडक बसली. मान मागे आपटली. गाडी सुटली, पुन्हा आली, पुन्हा धडक, आणि या वेळी तिचं नाक माझ्या पिकअपच्या मागच्या लाकडी फळीत अडकून बसलं. आता दोन गाड्यांचं वजन माझ्या ब्रेकवर. पिकअप ढकलली जात होती, घसरत होती, केबिनमध्ये जळका वास भरला. मी देवाचं नाव घेणाऱ्यातली नाही. मी मोठ्याने आकडे मोजत होते. का, ते मला आजही सांगता येत नाही. एकोणीसवर थांबलो.

पूल अजून बराच खाली होता. पिवळ्या जाकिटातल्या एका माणसाने आमच्याकडे बघून सँडविच धरलेला हात हलवला.

मी उतरले. पिकअप धरत धरत मागे गेले. ऑस्विनचं बॉनेट दुमडलं होतं, एक दिवा लोंबत होता. डॉक्टर ऑर्ड दार उघडून रस्त्यावर हातापायांवर आल्या आणि ओकल्या. त्यांचं मनगट सुजायला लागलं होतं. मिस्टर रेल्फ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. मी हाक मारली. त्यांनी फक्त विचारलं, "थांबलो का?"

"थांबलो, मिस्टर रेल्फ."

"मग मला हात सोडता का येत नाहीयेत?"

मी एकेक बोट सोडवलं.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तेव्हा बोलले नसते तर पुढे कधीच बोलले नसते. "डॉक्टर, ते पाइप खराब आहेत हे मला एप्रिलपासून माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी सुजलेलं मनगट मांडीवर धरलं. "मग बोलला का नाहीत?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "आणि मी मेले असते तर कुणाला वाईट वाटायचं नव्हतं."

पुलावरच्या एका माणसाने खालच्या गावात जाऊन पाठवलेली भाड्याची गाडी येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. निघताना डॉक्टर ऑर्डनी ड्रायव्हरला सांगितलेलं मी ऐकलं, "पहिल्या गिअरमध्ये चालवा. तुम्हाला कितीही वेडी वाटले तरी." पुन्हा त्या आल्या नाहीत. मनगट हलकंसं मोडलं होतं, ते जुळलं. तेवढं एक ओळीचं पत्र थेल्माबाईंना आलं.

मिस्टर रेल्फ माझ्या गॅरेजात आले ते तीन आठवड्यांनी, चालत. ऑस्विन तोवर कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. मला वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसले.

"भिंत उजवीकडे होती," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या बाजूला. तिच्या नाही. पहिल्यांदा पेडल खाली गेलं तेव्हाच ती बाई ओरडली, भिंतीला घाला, भिंतीला घासा! मी खाणीत तीस वर्षं काढली, जूडिथ. सुटलेली ट्रॉली कशी थांबवतात ते मला कुणी शिकवायला नको. भिंतीला घासत नेली असती तर शंभर पावलांत थांबली असती. रंग गेला असता. दार गेलं असतं." ते थांबले. "तीन वेळा हात वळवायला गेलो. तीनही वेळा हात वळला नाही."

"घाबरला होतात तुम्ही. माणूस घाबरला की गोठतो."

"नाही गं पोरी. तेच तर सांगतोय. तेव्हा मी घाबरलोच नव्हतो. मी दार बघत होतो. ते दार मी साठ वर्षं पुसलंय." त्यांचा आवाज उतरला. "आता घाबरतो. रोज सकाळी उठलो की घाबरतो. थेल्माला सांगितलेलं नाही."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. मी पण दाराकडेच बघत होते त्या दिवशी, टायकडे आणि फडक्याकडे, असं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. ते उठले. "चारी पाइप नवे घाल," ते म्हणाले. "बॉनेट ठोकून सरळ कर. जाहिरातीत सगळं लिहितो. काय झालं ते, आणि का झालं ते."

लिहिलंही तसंच. हिवाळाभर कुणी फिरकलं नाही. मे महिन्यात कार्लाइलचा एक तरुण घड्याळजी आला, ट्रेव्हेल्यन नावाचा. त्याला ठोकलेल्या बॉनेटचं काही वाटलं नाही. गाडी मात्र घाटातच चालवून बघायची होती. मिस्टर रेल्फ घरातून बाहेर आले नाहीत. थेल्माबाईंनी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली आणि माझा हात किल्लीसकट दाबला.

माथ्यावर मी गाडी थांबवली. नवे पाइप मीच घातले होते, नवं तेल मीच भरलं होतं, त्या आठवड्यात चार वेळा तपासलं होतं. तरी उतरले आणि चारी चाकांमागे हात घालून बघितलं. सगळं कोरडं. आत बसून पेडल दाबलं. परत उतरले, परत बघितलं.

"अहो, इतकं काय घाबरता?" ट्रेव्हेल्यन हसला. "गाडी तर झकास आहे."

मग मी त्याला सगळं सांगितलं. जाहिरातीत नव्हतं तेही, डॉक्टर ऑर्डनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. तो हसायचा थांबला. त्याने पट्टा ओढून घट्ट केला. "ब्रेक कसे आहेत?" त्याने विचारलं.

"पाइप नवे आहेत. चाकांतलं बाकी सामान जुनं आहे, ते पुढच्या वर्षी बदला. मी भीत भीत चालवणार आहे. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

पहिला गिअर टाकला आणि निघाले. प्रत्येक वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक, वळणानंतर ब्रेक. पाठीला घाम फुटला होता, दातांवर दात बसले होते. अर्ध्या घाटात मागे पाच गाड्यांची रांग लागली आणि सगळ्यात मागचा हॉर्न वाजवायला लागला. ट्रेव्हेल्यनने मागे वळून त्याला हाताने, थांब, अशी खूण केली. मी वेग वाढवला नाही.